शीर्षकपानामागचं नाव : जुन्या मराठी पुस्तकांतलं बायकांचं काम शोधण्याविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नाशिकमध्ये आम्ही सात-आठ जण गेली काही वर्षं दर शनिवारी दुपारी जमतो. दोघी निवृत्त शिक्षिका, एक बँकेतून निवृत्त झालेले काका, एक पुस्तकबांधणी करणारे गृहस्थ, कॉलेजच्या मुली आणि मी. जुनी मराठी पुस्तकं, मासिकं आणि त्यांचे स्कॅन तपासून छपाईच्या धंद्यात बायकांनी काय काय केलं त्याच्या नोंदी करतो. भेटायला येणारे लोक फिरून फिरून तेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली.

लेखिका तर सगळ्यांना माहीत आहेत. मग हरवलंय काय?

ज्या माहीत आहेत त्यासुद्धा कुणीतरी खटपट केली म्हणून. ताराबाई शिंदे यांचं 'स्त्री-पुरुष तुलना' १८८२ साली पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापलं गेलं. पुढे ते पुस्तक लोकांच्या नजरेआड झालं ते झालंच. संशोधक स. गं. मालशे यांनी १९७५ साली ते पुन्हा छापलं तेव्हा महाराष्ट्राला ताराबाई कळल्या. मधे ९३ वर्षं गेली. आज शाळेतली मुलगीही ते नाव घेते, त्यामुळे ते कायमच आपल्याकडे होतं असं वाटतं.

पण आमचा मुख्य शोध लेखिकांचा नाहीच. पुस्तक म्हणजे फक्त लिहिणारा हात नव्हे. कुणीतरी मजकूर उतरवून काढतं, कुणी प्रुफं तपासतं, कुणी खिळे, म्हणजे छपाईची सुटी धातूची अक्षरं, जुळवतं, फर्म्यांच्या, म्हणजे छापून आलेल्या मोठ्या कागदांच्या, घड्या घालतं, वर्गणीदार जमवतं, नवरा गेल्यावर मासिक बंद पडू देत नाही. ही कामं करणाऱ्या बायकांचं नाव शीर्षकपानावर येत नाही. 'दीनबंधू' हे सत्यशोधकांचं पत्र. कृष्णराव भालेकरांनी १८७७ मध्ये सुरू केलेलं. वासुदेवराव बिर्जे यांच्या निधनानंतर ते तानुबाई बिर्जे यांनी चालवलं. मराठी पत्रकारितेवर तासभर बोलणारी माणसं मी ऐकली आहेत. तानुबाईंना त्यात दोन मिनिटंही मिळत नाहीत.

दुसरं उदाहरण केडगावचं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबलचा सोप्या मराठीत अनुवाद केला. तो तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशन या आश्रमाच्या स्वतःच्या छापखान्यात छापला गेला. खिळे जुळवण्यापासून पुढची कामं तिथल्या बायका शिकल्या आणि त्यांनीच ती केली. दुष्काळातून, वैधव्यातून, घराबाहेर काढल्यावर तिथे आलेल्या या बायका. एकेक खिळा उलटा वाचत त्यांनी एवढा मोठा ग्रंथ जुळवला. रमाबाई १९२२ मध्ये गेल्या. अनुवादक म्हणून त्यांचं नाव आपण घेतो, घ्यायलाच हवं. त्या जुळारी बायकांचं कोण घेतं?

पुस्तक जळलं, वाळवीनं खाल्लं, असं दर वेळी होत नाही. बरेचदा पुस्तक कपाटात सुखरूप असतं आणि बाई नोंदीतून गळलेली असते. म्हणून आमचं निम्मं काम नोंदी दुरुस्त करण्याचं आहे.

यासाठी नाशिकच का? हे काम पुण्या-मुंबईचं नाही का?

छापखाना म्हटलं की नाशिककरांना नोटा आठवतात. इंडिया सिक्युरिटी प्रेस १९२५ची, करन्सी नोट प्रेस १९२८ची; नाशिकरोडला अर्धी घरं त्या भोंग्यावर चालली. पण पुस्तकांशीही या गावाचं नातं जुनं आहे. सार्वजनिक वाचनालय, आपलं 'सावाना', १८४० पासून आहे.

लक्ष्मीबाई टिळक इथल्याच. १८६८ मध्ये गोदाकाठच्या जलालपूरला जन्म, १९३६ मध्ये नाशिकलाच शेवट. 'स्मृतिचित्रे'मुळे त्यांचं नाव अजरामर झालं. पण 'ख्रिस्तायन' म्हटलं की आपल्या तोंडी 'रेव्हरंड टिळकांचं' असंच येतं. ना. वा. टिळक १९१९ मध्ये वारले तेव्हा ते महाकाव्य सुरुवातीच्या काही अध्यायांपुरतंच झालं होतं. पुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. लग्नानंतर वाचायला-लिहायला शिकलेल्या बाईनं नवऱ्याचं अर्धवट महाकाव्य पूर्ण केलं, याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही, आणि ते आपल्या गावचं आहे.

न्यायमूर्ती रानडे निफाडला जन्मले, हे इथे सगळ्यांना ठाऊक असतं. रमाबाई रानडे यांचं पहिलं जाहीर भाषण नाशिकच्या हायस्कुलात झालं आणि ते रानड्यांनी लिहून दिलं होतं, हे मात्र थोड्यांना. पुढे त्याच रमाबाईंनी १९१० साली 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' लिहिलं. लिहून दिलेलं भाषण ते स्वतःचं पुस्तक, एवढा पल्ला त्यांनी गाठला.

आणि शांताबाई दाणी. काळाराम मंदिर सत्याग्रहाच्या या गावातल्या आंबेडकरी कार्यकर्त्या. त्यांचं 'रात्रंदिन आम्हां' हे आत्मकथन भावना भार्गवे यांनी शब्दांकित केलं, म्हणजे त्यांच्याकडून ऐकून लिहून काढलं. ग्रंथालयाच्या नोंदीत असं पुस्तक आलं की शब्दांकन करणारी बाई सहसा पहिल्या फटक्यात गळते. आमच्या तक्त्यात 'शब्दांकन' असा वेगळा रकाना आहे, तो या पुस्तकामुळे सुरू झाला.

शीर्षकपानावर नाव नसेल तर शोधायचं कुठे?

हा खरा प्रश्न, म्हणून इथे जरा थांबते.

पहिलं ठिकाण सरकारी यादी. १८६७ च्या कायद्यानं छापलेल्या प्रत्येक पुस्तकाच्या प्रती सरकारकडे देणं सक्तीचं झालं, आणि त्या पुस्तकांच्या याद्या दर तीन महिन्यांनी सरकारी गॅझेटात येऊ लागल्या. इंग्रज सरकारला कोण काय छापतंय यावर नजर ठेवायची होती. त्यांचा हेतू काही असो, आपल्याला त्यातून सोनं मिळालं. पुस्तकाचं नाव, भाषा, लेखक, अनुवादक किंवा संपादक, विषय, छापल्याचं आणि प्रसिद्ध केल्याचं ठिकाण, मुद्रक, प्रकाशक, तारीख, पानं, आकार, कितवी आवृत्ती, किती प्रती, शिळाप्रेस (दगडावरून छपाई) की खिळ्यांची छपाई, किंमत. आणि सर्वांत शेवटी कॉपीराइटच्या मालकाचं नाव व राहण्याचं ठिकाण. तो शेवटचा रकाना आम्ही आधी वाचतो. लेखकाच्या रकान्यात गृहस्थाचं नाव असतं, दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी मालकाच्या रकान्यात त्याच आडनावाची बाई येते. म्हणजे तो गेला आणि पुस्तक तिनं चालवलं, असं बहुधा निघतं. बहुधा म्हणते, कारण ती आई, मुलगी, सूनही असू शकते. पडताळा घ्यावा लागतो.

या तिमाही याद्या लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीनं 'टू सेंच्युरीज ऑफ इंडियन प्रिंट' या प्रकल्पात स्कॅन केल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये त्या ग्रंथालयावर सायबर हल्ला झाला आणि ऑनलाइन सेवा बराच काळ बंद पडल्या. त्या दिवसांपासून आमचा नेम ठरला: कामाचं पान दिसलं की लगेच उतरवून घ्यायचं आणि दोन ठिकाणी ठेवायचं.

वर्तमानपत्रांसाठी मुंबई सरकारच्या देशी वृत्तपत्रांवरच्या साप्ताहिक अहवालांकडे जा. त्यांत संपादकाचं नाव, जात, वय आणि खपही दिलेला असतो. 'साऊथ एशिया ओपन आर्काइव्ह्ज' या संकेतस्थळावर यातलं पुष्कळ बघायला मिळतं. पण तिथे चालकाचं नाव म्हणजे सरकारला सांगितलेलं नाव, हे ध्यानात ठेवून वाचा.

मराठी सूचीत शंकर गणेश दाते यांना पर्याय नाही. १८०० ते १९३७ आणि १९३८ ते १९५० अशा दीडशे वर्षांच्या मराठी पुस्तकांची सूची या माणसानं केली. आमच्या टेबलावर ती कायम उघडी असते.

दुसरं ठिकाण खुद्द पुस्तक, फक्त उलट्या बाजूनं. मलपृष्ठापासून सुरुवात करा. 'पुस्तके मिळण्याचे ठिकाण' या ओळीखाली दुकानाऐवजी घराचा पत्ता असेल तर त्या घरात पुस्तकं कोण बांधून देत होतं, हिशेब कोण ठेवत होतं, हा पुढचा प्रश्न. मग वर्गणीदारांची यादी. मग प्रस्तावनेचा शेवटचा परिच्छेद, कारण आभार तिथे असतात. 'माझ्या कुटुंबाने मजकूर उतरून दिला' असं वाक्य आलं की थांबा. 'कुटुंब' म्हणजे बायको. एका ओळीत सगळं हस्तलिखित तिच्या हातचं असल्याची कबुली असते आणि नाव मात्र नसतं.

गेल्या हिवाळ्यात पंचवटीतल्या एका घरातून भजनांचं चोपडं आलं. चाळीसेक पानं, शिलाई सुटलेली, हळदीचा डाग. वर नाव एका बुवांचं. आमच्यातल्या सगळ्यात लहान मुलीनं पहिलं पान उलटून मागची बारीक ओळ वाचली: सर्व हक्क प्रसिद्धकर्त्रीने स्वाधीन ठेवले आहेत. प्रसिद्धकर्त्री! 'कर्त्या'ऐवजी 'कर्त्री', एवढ्या एका प्रत्ययातून कळलं की पुस्तक काढणारी बाई होती. नाव कुठेच नाही. आमच्या तक्त्यात तिची नोंद 'अनामिक, प्रसिद्धकर्त्री' अशी आहे आणि ती तशीच राहील, नाव सापडेपर्यंत.

आपली भाषा इथे फार मदत करते. मराठीत 'मी' म्हणणाऱ्याचं लिंग क्रियापदात उतरतं. निनावी प्रस्तावनेत 'मी हे लिहावयास बसलें' असं असेल तर लिहिणारी बाई. 'बसलों' असेल तर बुवा. जुन्या छपाईत दोन्हींवर अनुस्वार असतो, फरक फक्त मात्रेचा. म्हणून निनावी मजकुरात आम्ही सगळी 'मी'ची वाक्यं शोधून क्रियापदं बघतो. पुरुषांनी बाईच्या आवाजात लिहिल्याचीही उदाहरणं आहेत, त्यामुळे आम्ही 'लेखिका' असं न लिहिता 'स्त्रीलिंगी क्रियापद' असं टिपतो आणि दुसरा पुरावा शोधतो.

एकाच बाईची चार नावं असतात. जुळवता कशी?

माहेरचं नाव, सासरचं नाव, लग्नात बदललेलं पहिलं नाव आणि टोपणनाव. पुरुषाचं नाव पाळण्यातलं ते सरणावरचं एकच, बाईचं दर उंबरठ्याला वेगळं. जलालपूरच्या मनकर्णिका गोखले म्हणजेच लक्ष्मीबाई टिळक. यमुना कुर्लेकर म्हणजे रमाबाई रानडे. कल्याणची यमुना जोशी पुढे डॉ. आनंदीबाई जोशी झाली. बाळूताई खरे, मालतीबाई बेडेकर आणि विभावरी शिरूरकर या तिघी एकच, आणि १९३३ च्या 'कळ्यांचे निःश्वास'वर नाव होतं ते तिसरं. विभावरी कोण, या प्रश्नानं तेव्हा महाराष्ट्र ढवळून निघाला होता.

संगणकाला अशी चार नावं म्हणजे चार वेगळ्या बायका वाटतात. विकिडेटा या खुल्या ऑनलाइन माहितीसाठ्यावर एका व्यक्तीच्या एकाच नोंदीला कितीही पर्यायी नावं जोडता येतात, म्हणून आम्ही तिथे माहेरचं नावही घालतो. नाव जुळवताना लग्नाचं साल, गाव आणि नवऱ्याची नोकरी या तीन गोष्टी बघतो. मामलेदाराची बदली झाली की बायकोच्या मासिकातल्या लेखाखालचं गावही बदलतं, आणि धागा लागतो.

एक गोष्ट हात जोडून सांगते. जुन्या पुस्तकावरचं 'सौ.', 'कु.', 'गं. भा.' नोंदीत गाळू नका. आज आपण ही बिरुदं वापरत नाही, 'गं. भा.' तर वाचतानाही टोचतं. पण 'सौ. ल. अ. जोशी'मधून 'सौ.' काढलं की उरतं 'जोशी, ल. अ.', आणि तो आपोआप लक्ष्मण होतो. सूचीतल्या कित्येक बायका अशा पुरुष झालेल्या आहेत. आमच्याकडे 'छापल्याप्रमाणे नाव' असा एक रकाना आहे. त्यात शुद्धलेखनाची चूकसुद्धा जशीच्या तशी.

मी नेटवर शोधलं, काहीच आलं नाही. म्हणजे पुस्तक नाही का?

असतं, बहुतेक वेळा. शोधायचा शब्द चुकलेला असतो.

'डिजिटल लायब्ररी ऑफ इंडिया'नं लाखो पुस्तकं स्कॅन केली. त्यांतली पुष्कळ आता इंटरनेट आर्काइव्हवर आहेत. पण मराठी नावं तिथे रोमन अक्षरांत, दीर्घ स्वरासाठी दोन-दोन अक्षरं टाकून, कुठे अर्धी तोडून लिहिलेली आहेत. देवनागरीत शोधलं तर हाती शून्य. तीन-चार प्रकारे स्पेलिंग करून बघा, लेखिकेऐवजी पुस्तकातल्या एखाद्या वेगळ्या शब्दानं शोधा, नाहीतर नवऱ्याच्या नावानं. हो, नवऱ्याच्या. वाईट वाटतं, पण ती तिथेच सापडते.

मग अक्षरओळख, म्हणजे ओसीआर: स्कॅनमधली अक्षरं यंत्रानं वाचून मजकूर करणं. गूगलचं आणि टेसरॅक्ट ही दोन्ही मराठी वाचतात. नव्या छपाईवर छान, जुन्या खिळ्यांवर अडखळतात. 'ध'चा 'घ', 'भ'चा 'म', 'ख'चा 'रव' करतात. १९६२ च्या नियमांआधीच्या लेखनात 'कांहीं', 'नाहीं', 'घरांत' असे अनुस्वार जागोजाग असतात. यंत्र त्यांतले निम्मे खातं आणि कागदावरच्या डागाचा मात्र अनुस्वार करतं. वर सांगितलेलं 'बसलें' आणि 'बसलों' इथेच घोळतं. जुन्या पुस्तकांत 'स्त्री' पुष्कळदा 'स्री' असं छापलेलं आहे. दोन्ही शोधा. एका मासिकात 'स्री' शोधल्यावर आमच्या हाती अकरा पानं आली, जी 'स्त्री'नं आली नव्हती.

घरात आजीची पुस्तकं आहेत. काय करू?

आधी काही करू नका. सेलोटेप नको, लॅमिनेशन तर मुळीच नको, ऊन दाखवायला गच्चीवर पसरू नका. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने कपाट दमट राहतं आणि कसर लागते ती तेव्हाच. पुस्तकं भिंतीला टेकवू नका, वर्तमानपत्रात गुंडाळू नका; धुतलेल्या सुती कापडात ठेवा.

फोटो काढायचे तर खिडकीजवळ, दिवसाच्या उजेडात, फ्लॅश बंद ठेवून. पुस्तक सपाट दाबू नका, जितकं सहज उघडतं तितकंच उघडा. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत प्रत्येक पान घ्या. कोरं पानही, जाहिरातीचंही. लोक नेमकी जाहिरात सोडतात. आत खोचलेली चिठ्ठी, वाळलेलं फूल, किराणा सामानाची यादी, काही काढून टाकू नका. 'चि. सुमनला मॅट्रिक पास झाल्याबद्दल आत्याकडून' असं कोपऱ्यात लिहिलेलं असेल तर ते पुस्तकाइतकंच महत्त्वाचं. कोण कुणाला काय वाचायला देत होतं, ते छापील सूचीत कधीच सापडत नाही.

आजीची हस्तलिखित वही चालेल का?

चालेल. पण ती छापलेली नाही, त्यामुळे हक्क वारसांचे. सगळ्या भावंडांना विचारून आणा.

कॉपीराइटचं काय? जुनं आहे म्हणजे कुणीही टाकावं का?

नाही. भारतात लेखकाच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि वर्ष संपल्यावर सुटतो. १९६५ मध्ये निधन झालेल्या लेखिकेचं, तिच्या हयातीत छापलेलं लेखन १ जानेवारी २०२६ पासून मुक्त. लक्ष्मीबाई टिळकांचं लेखन केव्हाच मुक्त झालं. पण त्यांच्या पुस्तकाच्या नव्या आवृत्तीतल्या टिपा आणि प्रस्तावना त्या संपादकाच्या असतात. निनावी किंवा टोपणनावी पुस्तकासाठी प्रसिद्धीपासून ६० वर्षं मोजतात, मात्र ती मुदत संपण्याआधी खरं नाव उघड झालं तर हिशेब पुन्हा निधनाच्या सालावर येतो.

मुक्त झालेली पुस्तकं आम्ही मराठी विकिस्रोत या मोफत ऑनलाइन ग्रंथालयात आणतो. तिथे स्कॅनचं पान आणि टंकलेला मजकूर शेजारी शेजारी दिसतो, त्यामुळे आमची चूक तुम्हाला पकडता येते. ज्यांचा हक्क शिल्लक आहे त्यांची फक्त नोंद करतो. नोंद करायला कुणाची परवानगी लागत नाही.

छापखान्यात राबणाऱ्या बायकांचा कागद कुठून मिळणार?

बहुतेकदा मिळत नाहीच. म्हणून बोलून घ्यावं लागतं, आणि आता घाई आहे.

माझी मावशी रविवार कारंजाजवळच्या वाड्यात राहायची. दुपारी जेवणं आवरली की एक पोरगा छापखान्यातून फर्म्यांचा गठ्ठा आणून टाकायचा. मावशी आणि शेजारच्या दोघी चटईवर बसायच्या. मोठा कागद, एक घडी, काटकोनात दुसरी, मग तिसरी, प्रत्येक घडीवर लाकडी पट्टी ओढायची. कागदाचा तो सर्रकन आवाज मला अजून ऐकू येतो. पानांचे आकडे एकावर एक आले की नाही ते ती न बघता अंगठ्यानं सांगायची. मैद्याची खळ घरातच शिजायची, कसर लागू नये म्हणून तिच्यात मोरचूद. पैसे शेकड्यावर. दिवाळीच्या आधी महिनाभर तर रात्रीचाही दिवा असायचा, कारण दिवाळी अंक. १९०९ मध्ये 'मनोरंजन'नं दिवाळी अंकाची प्रथा पाडली. तेव्हापासून दर दिवाळीला महाराष्ट्रभर किती चटयांवर किती बायका बसल्या असतील!

त्या छापखान्याच्या वहीत तिचं नाव नव्हतं. हजेरी पोराच्या नावावर लागायची. मावशी गेली तेव्हा मी हे काम करत नव्हते, म्हणून तिचा आवाज आमच्याकडे नाही. आता ऐंशीच्या पुढच्या बायकांना भेटतो, फोनवर रेकॉर्ड करतो, आधी परवानगी घेतो आणि नंतर ऐकवून दाखवतो. 'तुम्ही काम काय करायचात?' असं विचारलं तर 'काही नाही, घरीच होते' असं उत्तर येतं. 'घरी गठ्ठे यायचे का? प्रुफं कोण वाचायचं? पत्ते कोण लिहायचं?' असं विचारलं की मग तासभर बोलतात.

ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांनी आंबेडकरी चळवळीतल्या बायकांना गाठून, त्यांच्याशी बोलून 'आम्हीही इतिहास घडवला' हे पुस्तक १९८९ मध्ये केलं. कागद नसताना इतिहास कसा गोळा करायचा ते त्यांनी आपल्या आधी करून दाखवलं आहे. मुंबईची 'स्पॅरो' ही संस्थाही १९८८ पासून बायकांचे आवाज आणि चित्रं जपते आहे.

या यादीत सगळ्या वरच्या जातींतल्या बायकाच का दिसतात?

खरं आहे, आणि टोचायलाच हवं. ज्यांच्या घरी छापखाना, मासिक, शिकलेला नवरा होता त्यांचे कागद उरले. मुक्ता साळवे चौदा वर्षांची, फुल्यांच्या शाळेतली मातंग मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयीचा तिचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. पुढे तिनं काय लिहिलं, कुठे गेली? एका निबंधानंतर धागा तुटतो. तो निबंध उरला, कारण मिशनऱ्यांच्या पत्रानं तो छापला आणि जपला.

म्हणून आम्ही सत्यशोधक आणि आंबेडकरी पत्रं, मिशनची मासिकं, जलशांची चोपडी मुद्दाम आधी घेतो. ही बहुतेकदा हलक्या कागदावर छापलेली असतात, आधी तुटतात. कादंबऱ्या थांबू शकतात.

पाककृतीची पुस्तकं कशाला नोंदवता? ते काय साहित्य आहे?

छपाईच्या इतिहासात खप मोजतात, मग हेही मोजा. लक्ष्मीबाई धुरंधर यांचं 'गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया' १९१० चं. कमलाबाई ओगले यांचं 'रुचिरा' १९७० चं, आणि अजून लग्नात देतात. विणकामाची, रांगोळीची पुस्तकं, कहाण्यांची चोपडी, हळदीकुंकवाला वाण म्हणून लुटलेल्या स्तोत्रांच्या पुस्तिका: यांच्या लेखिका, प्रकाशिका, वाटणाऱ्या आणि वाचणाऱ्या सगळ्या बायकाच. वाङ्मयाच्या इतिहासात त्यांना पान मिळत नाही. ग्रंथालयं ही पुस्तकं वापरून फाटली की रद्दीत काढतात, त्यामुळे घरातली प्रत हीच पुष्कळदा शेवटची प्रत असते. मला विचाराल तर या पुस्तिकांतच सर्वांत जास्त सापडायचं बाकी आहे.

तुम्ही नवऱ्यांचं श्रेय काढून घेताय असं वाटत नाही?

नाही. आम्ही कुणाचंही नाव खोडत नाही. 'ख्रिस्तायन'वर दोघांचीही नावं हवीत एवढंच म्हणणं आहे. आणि पुरावा नसेल तिथे 'तिनेच लिहिलं असणार' असं आम्ही कधीच लिहीत नाही. एका घरच्यांनी आग्रह धरला होता की आजोबांचं पुस्तक खरं आजीचंच. असेलही. पण हस्तलिखित नाही, पत्र नाही. आम्ही 'कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार' असं टिपून सांगणाऱ्याचं नातं आणि तारीख लिहिली. उद्या ट्रंकेतून पत्र निघालं तर ती ओळ बदलेल.

बाहेरच्या देशांत असं काम होतं का?

होतं, आणि त्यांच्याकडून शिकण्यासारखं आहे. कॅनडातल्या सायमन फ्रेझर विद्यापीठाचा 'विमेन्स प्रिंट हिस्टरी प्रोजेक्ट' लेखिकांबरोबरच मुद्रक, प्रकाशक, पुस्तकविक्रेत्या बायकांचीही नोंद ठेवतो. आमच्या तक्त्यातले काही रकाने त्यावरून सुचले. 'छापल्याप्रमाणे नाव', 'शब्दांकन' आणि 'क्रियापदाचं लिंग' हे रकाने मात्र आपल्या पुस्तकांनीच शिकवले.

तुमच्या नोंदीत चूक दिसली तर?

सांगा. पान क्रमांकासह सांगितलंत तर त्याच शनिवारी दुरुस्त होते, आणि दुरुस्ती कुणी सुचवली तेही तिथेच लिहिलं जातं.

मला कॉम्प्युटर येत नाही. मी येऊन काय करणार?

जुनी छपाई वाचता येते ना? मोडी येत असेल तर तुमची वाटच बघतोय. ओसीआरनं केलेला मजकूर मूळ पानाशी ताडून बघायला माणसाचे डोळेच लागतात. आमच्याकडच्या निवृत्त बाई संगणकाला हात लावत नाहीत. छापील कागद घेतात, लाल पेनानं खुणा करतात, मुली त्या भरतात. सगळ्यात कमी चुका त्यांच्या पानांत निघतात.

पहिल्यांदा येताना काय आणू?

वाचायचा चष्मा, आणि पुस्तक असेल तर कापडात गुंडाळून. काहीच नसेल तर घरातल्या मागच्या तीन पिढ्यांच्या बायकांची माहेरची नावं विचारून, कागदावर लिहून आणा. पणजीचं माहेरचं पहिलं नाव बहुतेकांना सांगता येत नाही. ते माहीत असलेली म्हातारी आत्या अजून असेल, तर शनिवारपर्यंत थांबू नका, आजच फोन करा.